एकशे अठ्ठ्याहत्तरावा काप

त्यांना सगळे पातळमास्तर म्हणत. अंगाने मास्तर पिंपाएवढे, जिना चढताउतरताना दोनदा थांबणारे. नाव ऐकून आलेला नवा माणूस हमखास दुसऱ्याच कुणाला तरी शोधत बसे. पण नाव अंगावरून पडलं नव्हतं, हातावरून पडलं होतं. मेलेल्या जिवाचा मोहरीएवढा तुकडा राळेच्या ठोकळ्यात घट्ट बसवून त्यांच्यासमोर ठेवा, मास्तर हिऱ्याच्या सुरीने त्याचे असे काप काढत की एका केसाच्या जाडीत हजार मावावेत.

तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत सत्तावीस वर्षं त्यांनी एवढंच काम केलं. शेजारच्या अंधाऱ्या खोलीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता, छताला टेकेल एवढा उंच, आणि त्याच्यापुढे बाई बसत. वयाने बाई मास्तरांच्या लेकीहून जेमतेम चार वर्षांनी मोठ्या, हुद्द्याने मास्तरांच्या साहेब. मास्तर कापत आणि बाई बघत. माणूस मेल्यावर त्याच्या हृदयाच्या पेशी तासातासाला कशा बिघडत जातात, याचा तक्ता बाईंना करायचा होता.

त्या सोमवारी सकाळी मास्तर नेहमीप्रमाणे शवागाराच्या खिडकीवरून नवा ठोकळा घेऊन निघाले. ठोकळ्याबरोबर नाव कधीच येत नसे. एक आकडा आणि चार ओळींची चिठ्ठी, बस. जिन्यात पहिल्या थांब्याला धाप लागली म्हणून मास्तर थांबले आणि सहज चिठ्ठी वाचली.

‘बेवारस पुरुष. वय अंदाजे पस्तीस. चेहरा ओळखण्यापलीकडे. डोक्यावर सात घाव. नमुना मृत्यूनंतर सहा तासांनी घेतला.’

मास्तर तिथेच पायरीवर बसले. सात. त्यांनीही सातच मोजले होते.

आता आडपडदा कशाला ठेवायचा? मास्तरांनी आपल्या जावयाला मारलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी लेक दहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन माहेरी आली, तेव्हा तिचा एक डोळा उघडत नव्हता. चार वर्षांत जावयाने तिला काय काय दिलं याची यादी मास्तरांना पाठ होती. उजव्या कानाचा पडदा, दोन दात, डाव्या मनगटाचं हाड. आणि सातव्या महिन्यात पोटावर घातलेली लाथ. त्या वेळी ती आणि पोर दोघंही अगदी थोडक्यात वाचली. आतून शिवलेली जागा दाखवत डॉक्टर म्हणाले होते, “इथे पुन्हा मार बसला तर मी काही करू शकणार नाही.”

जावई म्हणाला होता, येत्या रविवारी येऊन बायकोला घेऊन जातो. मास्तर म्हणाले, त्याआधी आपण दोघं बोलू. बंद गोदामामागच्या मोकळ्या जागेत पहाटे सहाला बोलावलं. पिशवीत तळघरातल्या खोलीतला गॅस सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना होता, हातभर लांब. पहिला घाव कानामागे बसला. जावई वळला आणि आश्चर्याने म्हणाला, “बाबा?” दुसऱ्याला गुडघे टेकले. तिसऱ्याला जबडा निखळला. चौथ्या-पाचव्याला हाडाचा आवाज ओला झाला. सहाव्याला तो हलायचा थांबला. सातव्याची गरज नव्हती. तो मास्तरांनी स्वतःसाठी मारला. मग खिसे रिकामे केले, बोटातली चौकोनी खड्याची जाड अंगठी ओढून काढली, सगळं कालव्यात टाकलं आणि घरी येऊन आंघोळ केली. पाप केलं असं त्यांना वाटलं नाही. उशीर केला असं वाटलं.

जावई याआधीही दोनदा न सांगता नाहीसा झाला होता. त्यामुळे कुणी शोधलं नाही. लेक मात्र दाराची कडी दिवसाही लावून ठेवू लागली.

आणि आता तो ठोकळ्यात बसून मास्तरांच्या खिशात आला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं पहिल्यांदा मास्तरांना वाटलं की हा ठोकळा फेकून द्यावा. पण आकड्याची पेन्सिलीने लिहिलेली चिठोरी राळेच्या आतच बसवलेली असते. बदलला तर बाईंना लगेच कळणार. मग हळूहळू छाती शांत झाली, आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं. उरलेलाही आपल्याच सुरीखाली संपेल.

त्यांनी ठोकळा यंत्राच्या दांड्याला आवळला. दांडा वर जाई, खाली येई आणि प्रत्येक फेरीला सुरीच्या धारेवरून एक काप सुटून मागच्या पाण्यावर तरंगे, चंदेरी. इतक्या नाजूक वस्तूला चिमटा चालत नाही. या धंद्यात सगळेच काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवून त्याने काप ढकलतात. मास्तरांच्या काडीला लेकीची पापणी होती, ती सहा वर्षांची असताना गालावर गळून पडलेली.

पहिले पन्नास काप बघून बाई म्हणाल्या, “बरोबर, सहा तास.” पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया असतात, पेशीच्या इवल्या चुलीच म्हणा. जिवंतपणी त्यांच्या आत घड्या घातल्यासारखे पडदे नीट असतात. माणूस मेला की चुली फुगतात, पडदे तुटतात. मायक्रोस्कोपच्या पडद्यावरच्या चित्रात सगळ्या चुली फुटून पडल्या होत्या.

मंगळवारी दुपारी बाईंनी हाक मारली. “मास्तर, ठोकळा बदललात का?”

“नाही बाई.”

“मग हे बघा. शंभरावा काप. हा माणूस जेमतेम दोन तासांपूर्वी मेलाय.”

मास्तरांनी बघितलं. चुली फुगलेल्या होत्या, पण फुटलेल्या नव्हत्या.

“आतला भाग ताजा राहिला असेल,” मास्तर म्हणाले.

“उलट व्हायला हवं. टिकवायचं रसायन बाहेरून आत शिरतं, आत पोचायला त्याला वेळ लागतो. आतला भाग जास्त सडलेला पाहिजे. तुम्हीच मला शिकवलंत की हे.” बाई हसल्या. त्यांचे डोळे चमकत होते. “कापत राहा. मला शेवटपर्यंत सगळे हवेत.”

बुधवारी एकशे चाळीसाव्या कापात मरून एक तास झाला होता. एकशे साठाव्यात दहा मिनिटं. मास्तरांच्या काखेतून घाम वाहू लागला. सुरी आत जात होती आणि काळ मागे जात होता. एकशे एकाहत्तरावा काप पाण्यावर आला तो मधोमध फाटलेला. सुरीची धार गेली असेल म्हणून त्यांनी सुरी सरकवली. एकशे बहात्तरावा फाटलेला. त्र्याहत्तरावाही. प्रत्येक भोकाच्या कडा आत चेपलेल्या, जणू वरून काहीतरी जड आदळलं असावं. एकशे सत्याहत्तराव्यापर्यंत सगळे तसेच. सात काप.

त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला, पाना चालवल्यावर दुखला होता तसाच.

पुढचा काप अखंड होता. त्यामागून आणखी दोन आले, तेही अखंड. मास्तरांनी ते तीन बाईंकडे नेले. बाईंनी तिन्ही आलटून पालटून दोनदा बघितले.

“मास्तर…” त्या हळू म्हणाल्या, “ही पेशी मेलेल्या माणसाची नाहीच. चालत्या-बोलत्या माणसाची आहे.”

तेवढ्यात मास्तरांच्या खोलीतला फोन वाजला. तळघरात मोबाइल लागत नसे म्हणून लेक नेहमी याच फोनवर बोलायची.

“बाबा…” ती कुजबुजत होती. “तो घरात आहे.”

“कोण?”

“दार आतून बंद आहे. मी ओट्याशी उभी होते. मागून कानावर मारलं… तीनदा. मी वळले तर कुणीच नाही.”

“तो येणं शक्यच नाही.”

“तुम्हाला काय माहीत, बाबा?”

मग तिने फोन ठेवला.

संध्याकाळी घरी जाऊन बघितलं तर तिच्या गालावर चार बोटं उमटली होती, आणि एका बोटाच्या जागी चौकोनी खड्याची खूण. अंगठी कालव्याच्या तळाशी होती. मास्तर त्या खुणेकडे बघत राहिले आणि लेक मास्तरांकडे. नातू पाळण्यात पडून छताकडे टक लावून होता. इथे आल्यापासून ते पोर एकदाही हसलं नव्हतं.

“बाबा,” लेकीने विचारलं, “त्याला फार लागलं होतं का?”

मास्तर खुर्चीत बसले. “हो.”

तिने मान हलवली. रडली नाही. “मला वाटलंच होतं,” म्हणाली, आणि पोराचं दूध गरम करायला उठली. दूध गाळताना अर्धं बाहेर सांडलं.

मास्तरांनी ठरवलं की उद्यापासून एकही काप काढायचा नाही. तीन काप, तीन थपडा. हिशोब लहान पोरालाही कळला असता. आत आणखी चार वर्षं होती. कान होता, दात होते, मनगट होतं. आणि कुठेतरी खोल, कितव्या कापात कोण जाणे, ती लाथ होती.

गुरुवारी सकाळी ते जिन्यात नेहमीप्रमाणे दोनदा थांबले. नसते थांबले तर बरं झालं असतं. खाली यंत्राचा आवाज येत होता. आत बाई उभ्या होत्या, हौसेने.

“तुम्हाला उशीर झाला म्हणून मीच बटण दाबलं. बघा, जमलं की नाही?”

पाण्यावर सहा काप तरंगत होते.

मास्तरांनी झडप घालून यंत्र बंद केलं आणि घरी फोन लावला. खूप वेळाने लेकीने उचलला. तिला बोलता येत नव्हतं. तोंडात काहीतरी होतं, ते तिने थुंकलं. फोनमधून त्यांना ते फरशीवर पडल्याचा आवाज आला.

“दात…” ती म्हणाली.

बाई पलीकडे गेल्यावर मास्तर दार लावून बसले. त्यांचं लक्ष काडीवर गेलं. काडीच्या टोकाला लेकीची पापणी. तेवढ्यात त्यांच्या मनात लख्ख उजेड पडला. जावयाच्या प्रत्येक कापाला आपण तिच्याच पापणीने हात लावत आलो! म्हणून तो तिच्याकडे जातो. मास्तरांनी ती पापणी काढून जाळली, आपल्या डोळ्याची उपटून काडीला चिकटवली. डोळ्यातून पाणी आलं, पण मनातून ते जवळजवळ खूश होते. मार खायला ते तयार होते. त्यांचं शरीर मोठं होतं, पाठ रुंद होती. येऊ दे. त्यांनी दात आवळले, एकच काप काढला आणि स्वतःच्या पापणीने त्याला स्पर्श केला.

काही झालं नाही. थपड नाही की काही नाही. ते वाट बघत राहिले.

फोन वाजला. पलीकडे शब्द नव्हते, फक्त किंकाळी होती, आणि मागे पोराचं रडणं. डावं मनगट पुन्हा मोडलं होतं, जुन्याच जागी. तो एक काप फुकट काढला गेला होता, आणि तो मास्तरांनी काढला होता. त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. दोनदा, तीनदा. त्याने काय होणार होतं?

मग त्यांनी ठोकळा दांड्यावरून सोडवला. लोखंडी पाना अजूनही सिलिंडरच्या मागे होता, स्वच्छ धुतलेला. ठोकळा फरशीवर ठेवून ते गुडघ्यांवर बसले आणि पाना उचलला. राळ कडक असते, पहिल्या घावाला उडून भिंतीवर आदळली. मास्तर रांगत जाऊन ती घेऊन आले. दुसरा घाव, तिसरा. चुरा झाला तरी ते मारत राहिले. या वेळी त्यांनी मोजलं नाही. फरशी तडकली. हाताची कातडी सोलली. चुरा आणि पाण्यावरचे उरलेले काप गोळा करून त्यांनी आवारातल्या कचरा जाळायच्या भट्टीत टाकले आणि काळा धूर संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

दुपारभर फोन वाजला नाही. लेकीला दवाखान्यात नेऊन प्लॅस्टर घातलं. ती रात्र शांत गेली. लेक झोपली, मास्तर तिच्या उशाशी बसून राहिले आणि पहाटे कधीतरी त्यांनाही डुलकी लागली.

शुक्रवारी ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही ठोकळा गेला नव्हता.

“बाई, ठोकळा फुटला. माझ्या हातून. सगळाच गेला.”

बाईंचा चेहरा क्षणभर पडला. मग त्या उठल्या आणि मास्तरांना खुर्ची दिली. “बसा. असे घामाघूम का झालात? होतं कधीकधी. आणि आपलं काही अडलेलं नाही.”

“म्हणजे?”

“शवागाराच्या डॉक्टरांनी त्या हृदयाचे दहा तुकडे घेतले होते. असं विचित्र काही आपणच बघितलं तर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्यांनाही तेच दिसायला हवं. मंगळवारीच मी उरलेले नऊ ठोकळे नऊ प्रयोगशाळांना पाठवले.” बाईंना आपला आनंद लपवता येईना. “ताजे काप लगेच मिळावेत म्हणून वरची दोनशे कापांएवढी जाडी एकदम तासून टाकायला बुधवारी कळवलंय. आणि सगळ्यांनी एकाच वेळी सुरू करायचं ठरलंय, म्हणजे तुलना करता येईल. आज, आपल्या घड्याळात बरोबर अकराला.”

मास्तरांनी भिंतीवर बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

“थांबवा,” ते म्हणाले. “बाई, पाया पडतो… थांबवा त्यांना.”

“अहो पण का?”

काय सांगणार? मास्तर धावत सुटले. जिन्यात ते एकदाही थांबले नाहीत. भर उन्हाचा रस्ता, माणसं भाजी घेत होती, कुणीतरी त्यांना ओळखून हात केला. त्यांच्या कानात फक्त स्वतःचा श्वास होता. नऊ ठिकाणी नऊ हुशार, सज्जन माणसं मान खाली घालून अगदी मन लावून कापत होती, आणि त्यांतल्या एकालाही ओरडून सांगता येत नव्हतं.

घराचं दार आतून बंद होतं. मास्तरांनी खांदा मारून कडी तोडली. आत ओट्याखाली लेक फरशीवर मुटकुळं करून पडली होती. तिचं डोकं एकदा या बाजूला झटका खाई, त्याच क्षणी पाठ वाके, पाय दुसरीकडे फेकले जात. एका माणसाच्या मारात असं होत नाही. केस मुठीत धरल्यासारखे उभे राहिले होते आणि धरणारं कुणी दिसत नव्हतं. मास्तरांनी तिच्यावर अंग झोकून दिलं, आपल्या सगळ्या वजनानिशी तिला झाकलं. घाव त्यांच्या आरपार जात होते. त्यांना काही लागत नव्हतं. खाली ती हादरताना मात्र छातीला जाणवत होतं.

“बाबा…” तिचे ओठ फाटले होते. मोडक्या मनगटासकट दोन्ही हातांनी तिने पोट घट्ट झाकलं होतं. “आज तो एकटा नाही आला.”

“माहीत आहे, पोरी. माहीत आहे.”

“आठ जण आहेत… सगळे तोच…”

“आठ?” मास्तर म्हणाले. “नऊ असतील. नीट बघ. नववा कुठे आहे?”

सुजलेल्या डोळ्यांनी ती मास्तरांच्या खांद्यावरून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती. मास्तरांनीही मान वळवली. दारातून पाळणा दिसत होता. तो रिकामा होता.

आणि आत नातू हसत होता. खळखळून, श्वास लागेपर्यंत, बापाने वर उडवून झेललेलं पोर हसतं तसं. क्षणभर थांबे, पुन्हा हसे.

हसू छताजवळून येत होतं.